सासूबाईंचं विसरणं: आधी काय पाहाल

ताई, सासूबाई हल्ली विसरायला लागल्यात, ते "वयच झालंय" म्हणून सोडून दिलं नाहीत, हे फार चांगलं केलंत.

पहिला प्रश्न एकच: बदल किती दिवसांत झाला? २-४ दिवसांतच असंबद्ध बडबड, रात्री जागरण, दिवसा गुंगी असेल तर डिलिरियम (शरीरातल्या बिघाडामुळे अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ) समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. लघवीचा संसर्ग, उतरलेलं सोडियम, तुंबलेलं पोट किंवा नुकतीच सुरू झालेली गोळी, बहुधा यांतलंच काहीतरी निघतं.

हळूहळू होत असेल तर:

- घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, सर्दीच्या आणि झोपेच्यासुद्धा. त्यांनीही गोंधळ वाढतो.
- बी१२, थायरॉइड, सोडियम, साखर तपासा. ऐकू नीट येतं ना, तेही.
- यामागे नैराश्य तर नाही ना, तेही पाहा. या वयात रडणं कमी दिसतं. "भूक नाही, अंग दुखतंय", पूजेची फुलं तशीच परडीत सुकलेली, हे जास्त.

नैराश्याची गोळी सुरू झाली की हमखास होणारी चूक म्हणजे ८ दिवसांत "गुण नाही" म्हणून ती बंद करणं. गुण दिसायला ४ ते ६ आठवडे द्यावेच लागतात, कधी जास्तही. "आता जगून काय करू" असं बोलल्या तर मात्र थांबू नका. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, तिचा नंबर १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.