वाचकांचे प्रश्न : रोज तीच राइड, फक्त तारीख वेगळी

प्रश्न : मॅडम, मी २४ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून रस्त्यावरच्या शर्यतींत उतरतो. आठवड्याला साधारण दहा तास सायकल होते. पॉवर मीटर (पेडलवरची ताकद वॅटमध्ये मोजणारं यंत्र) लावल्यावर पहिल्या पाच महिन्यांत माझा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी कमाल ताकद, २२८ वॅटवरून २५१ वर गेला. पुढचे सात महिने तो जागचा हललेला नाही. मी टंगळमंगळ करत नाही. आठवड्यातले पाच दिवस, प्रत्येक राइडची सरासरी १९०च्या आसपास ठेवतो. आणखी तास वाढवू का?

उत्तर : तास वाढवू नकोस, निदान आत्ता तरी. दुखणं तुझ्या पत्रातच आहे. १९० म्हणजे २५१चे जवळपास ७६ टक्के. आणि ही झाली नुसती सरासरी. तिच्यात उतार आले, वळणं आली, पाय थांबलेले क्षण आले. म्हणजे पेडल मारत असताना तू दोनशेच्या वरच असणार. ना धड सोपं, ना धड कठीण, आणि तेही रोज.

इतक्या खात्रीने सांगते कारण माझी जुनी वही अशीच आहे. पॉवर मीटर तेव्हा आमच्या हाती नव्हताच. (जर्मनीच्या उलरिख शोबेररने तो १९८६मध्ये तयार केला, पण साध्या खेळाडूपर्यंत पोहोचायला बराच काळ गेला.) वहीत तारीख, अंतर, वेळ आणि शेवटच्या रकान्यात एका शब्दाचा शेरा. एका हंगामात सलग सव्वीस वेळा मी तिथे ‘बरी’ असं लिहिलंय. माझ्या प्रशिक्षक सरांनी वही चाळली आणि म्हणाले, “तू रोज एकच राइड करतेस, फक्त तारीख बदलतेस.” मला भयंकर राग आला. त्या हंगामात माझी टाइम ट्रायलची (घड्याळाविरुद्ध एकट्याने धावायच्या शर्यतीची) वेळ तसूभरही सुधारली नव्हती, तरी राग आला.

लांब, सावकाश राइडने स्नायूंमध्ये मायटोकॉन्ड्रिया (पेशींतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) वाढतात, केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, चरबी इंधन म्हणून वापरण्याची ताकद येते. खूप जोराच्या तुकड्यांनी हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं आणि ऑक्सिजन वापरण्याची कमाल मर्यादा वर सरकते. मधल्या पट्ट्यात, म्हणजे तुझ्या रोजच्या जोरात, दोन्ही थोडं थोडं मिळतं. नवख्याला तेवढंही पुरतं, तुझे पहिले २३ वॅट तसेच आले. पण थकवा तिथे पुरेपूर वसूल होतो, आणि खरोखर जोर लावायच्या दिवशी पायांत काही शिल्लक राहत नाही. स्टीफन सायलर या संशोधकाने दमसासाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा साधारण ८० टक्के सत्रं हलकी आणि २० टक्के कठीण असा नमुना दिसला. सत्रं बरं का, तास नव्हेत. तास मोजले तर हलक्याचं पारडं आणखी जड होतं.

मधला पट्टा म्हणजे विष नाही. ज्याच्या हाताशी आठवड्याला चार-पाचच तास आहेत, त्याने तो खुशाल वापरावा. तुझ्याकडे दहा आहेत.

म्हणून कठीण दिवस दोनच ठेव. एका दिवशी आठ मिनिटांचे जोराचे चार तुकडे, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. सायलर आणि सहकाऱ्यांनी हौशी सायकलपटूंवर सोळा, आठ आणि चार मिनिटांच्या चार-चार तुकड्यांची तुलना केली होती. एकंदरीत फायदा आठ मिनिटंवाल्यांचा झाला, आणि त्यांचं हृदय कमाल गतीच्या ९० टक्क्यांच्या आसपास चाललं होतं. दुसऱ्या दिवशी नॉर्वेच्या बेंट रोनेस्टाडची पद्धत वापर : ३० सेकंद जोर, १५ सेकंद हलकं, असं तेरा वेळा. मग तीन मिनिटं आराम. अशा तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत ‘हे तर काहीच नाही’ असं वाटेल. तिसऱ्या फेरीनंतर मला पत्र लिही.

उरलेले तीन दिवस १६५ वॅटच्या खाली. चढावर आकडा वर जायला लागला की हलका गिअर टाक. सोबत कोणी नसेल तर एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हण. मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे (पाढाच येत नसेल तर तो वेगळा विषय). लोक तुला मागे टाकून जातील, वाईट वाटेल. माझी तर त्या पहिल्या महिन्यात सर्वांत मोठी कसरत हीच होती.

एक शंका राहते. एफटीपीची चाचणी कशी घेतोस? २० मिनिटांच्या सरासरीचे ९५ टक्के, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मूळ पद्धतीत त्याआधी पाच मिनिटं जीव तोडून चालवायची असतात, म्हणजे छोट्या झटक्यांची ताकद आधीच खर्ची पडते. ती पाच मिनिटं गाळलीस तर आकडा फुगतो, आणि त्यावर बेतलेले जोराचे सगळे पट्टेही फुगतात. शिवाय शर्यत ताज्या पायांनी जिंकली जात नाही. तीन तासांनंतर पाच मिनिटांचे किती वॅट निघतात, हेही महिन्यातून एकदा लिहून ठेव. २५१ हलला नाही आणि हा आकडा वाढला, तर ती प्रगतीच.

प्रश्न : वय ४१, मास्टर्स (वयाने मोठ्या खेळाडूंच्या) गटात खेळतो. साडेतीन तासांच्या शर्यतीत शेवटच्या अर्ध्या तासात डोळ्यांसमोर अंधारी येते, पाय बंद पडतात. पाणी भरपूर पितो. काही खाल्लं की पोटात ढवळतं.

उत्तर : टाकी रिकामी होतेय, आणि पाण्याने ती भरत नाही. हिशेब सोपा आहे. सरासरी २०० वॅट म्हणजे पेडलवर ताशी ७२० किलोज्यूल काम. शरीराची कार्यक्षमता चोवीस टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे तेवढ्याच, म्हणजे सुमारे ७२० किलोकॅलरी खर्च होतात. साडेतीन तासांचे झाले अडीच हजार. स्नायू आणि यकृतात मिळून साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, ढोबळमानाने दोन हजारांचं. काही भार चरबी उचलते, पण शर्यतीच्या वेगात ती पुरी पडत नाही. बाकीचं वाटेत साखर पिऊन भरायचं.

ग्लुकोज आतड्यातून एका दाराने आत येतं आणि ते दार ताशी साधारण ६० ग्रॅमला भरतं. फ्रुक्टोजचं दार वेगळं आहे. म्हणून दोन्ही मिसळून घेतले, ग्लुकोज दोन भाग आणि फ्रुक्टोज एक भाग, तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. तुम्ही उद्याच नव्वदवर जाऊ नका. आतड्यालाही सराव लागतो. लांब राइडला तासाला ३० ग्रॅमपासून सुरू करा आणि दर आठवड्याला दहाने वाढवा. घोट लहान, पण दर पंधरा मिनिटांनी. पहिला घोट पहिल्या वीस मिनिटांतच, भूक लागायची वाट न पाहता. मी एकदा ब्रेकअवेत (घोळक्यातून सुटून पुढे) असताना ‘आता कुठे खात बसू’ म्हणत राहिले. शेवटच्या बारा किलोमीटरमध्ये अख्खा घोळका माझ्या शेजारून गेला. त्यांच्यातल्या एकीने चालता चालता आपली बाटली पुढे केली, ती धरण्याइतकीही शुद्ध मला नव्हती.

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे. २२० वजा वय या सूत्राने तिची कमाल हृदयगती २०४ येते, पण शर्यतीत २११ दिसली. काळजीचं आहे का?

उत्तर : नुसता आकडा काळजीचा नाही. ते सूत्र म्हणजे ढोबळ सरासरी. माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. मोजमाप मनगटावरच्या घड्याळाचं असेल तर खडबडीत रस्त्यावर ते भलतंसलतंही दाखवतं; छातीचा पट्टा लावून पाहा. मात्र चक्कर, छातीत दुखणं किंवा अचानक धडधड असेल, तर सायकल बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

तुम्ही विचारलं नाहीत ते मी विचारते : तिची पाळी नियमित येते का? या खेळात वजनाच्या दर किलोमागे वॅट मोजतात, आणि वॅट वाढवण्यापेक्षा किलो घटवणं मुलींना सोपं वाटतं. सरावाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं झिजतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४मध्ये या अवस्थेला नाव दिलं, रेड-एस. त्यातून सायकलिंगमध्ये हाडांवर भार पडत नाही, त्यामुळे ती तशीही मजबूत होत नाहीत. तीन महिने पाळी चुकली तर वाट पाहत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तिच्या सरावाच्या वहीत वॅटशेजारी पाळीच्या तारखेचा रकाना आखून द्या.

मी १९ वर्षांची असताना अगदी किरकोळ पडले आणि मनगट मोडलं. डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारलं तेव्हा शेजारी सर बसले होते. मी ‘नियमित आहे’ म्हणाले. आठ महिने आली नव्हती. तुम्ही डॉक्टरांकडे जाल तेव्हा तिला आत एकटीला जाऊ द्या.