घरभर एकच उबदार बेज दिला तर घर बेचव दिसेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: सगळ्या खोल्यांना एकच उबदार बेज द्यायचाय, घर बेचव दिसेल का आणि शेड कशी निवडायची? आमच्या घरात चार वर्षांपासून तेच आहे. बेचव दिसत नाही. पण पहिल्यांदा लावला तेव्हा फसला होता, म्हणून आधी ते सांगतो.

शेड कार्डावर कोरड्या वाळूसारखा दिसणारा रंग निवडला. हॉलमध्ये झकास दिसला. पॅसेजमध्ये लावल्यावर खोक्याच्या पुठ्ठ्यासारखा, आणि मागच्या खोलीत चक्क गुलाबी! मी रंगाऱ्यावर संशय घेतला. त्याने न बोलता डब्याचं झाकण पुढे केलं. नंबर तोच होता. मग लक्षात आलं, त्या खोलीत फरशी लालसर आहे, दुपारचं ऊन तिच्यावर पडतं आणि तिथून उसळून भिंतीवर जातं. भिंत गुलाबी नव्हती, फरशीचा रंग तिच्यावर चढत होता.

बेज हा फसवा रंगच आहे. मशीनमध्ये तो बनतो तेव्हा पांढऱ्या बेसमध्ये साधारणपणे पिवळा, थोडा तांबडा आणि थोडा काळा असे थेंब पडतात. तांबडा जरा जास्त झाला की गुलाबी-पीच झाक येते. तांबडा कमी आणि पिवळ्याबरोबर काळा जास्त असला की हिरवट झाक येते, कारण पिवळ्यात काळा मिसळला की तो शेवाळीकडे झुकतो. कार्डावरच्या दोन बोटांच्या चौकोनात ही झाक दिसतच नाही. कार्ड पांढऱ्याशुभ्र कागदावर ठेवा आणि शेजारी दुसरे दोन-तीन बेज ठेवा, लगेच कोण गुलाबी, कोण हिरवट ते कळतं. ‘उबदार’ हवा असेल तर पिवळसर किंवा किंचित पीच झाकेचा घ्या. पण फरशी किंवा कपाटं तांबूस असतील तर पीचच्या वाटेला जाऊ नका. आमची चूक तीच.

नमुना भिंतीवर लावू नका. जुन्या रंगाच्या शेजारी डोळा हमखास फसतो. दोन फूट बाय दोन फुटांचा बोर्ड घ्या, कडेने पांढरी पट्टी सोडा, रंगाचे दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो. मग तो बोर्ड प्रत्येक खोलीत उभा करून फरशीला आणि दाराच्या चौकटीला टेकवा. सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री दिवे लावून बघा. आणखी एक गंमत: चार भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात, त्यामुळे पूर्ण खोली रंगवल्यावर तो बोर्डापेक्षा जरा गडद वाटतो. दोन शेडमध्ये अडलात तर फिकट घ्या.

दिव्यांचं आधी ठरवा, रंगाचं नंतर. २७०० ते ३००० केल्व्हिनच्या (हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) पिवळसर बल्बखाली बेज मऊ होतो, ६५०० च्या निळसर पांढऱ्या प्रकाशात तोच बेज राखाडी, मरगळलेला दिसतो. आमच्या पॅसेजचा अर्धा रोग बल्ब बदलून गेला. उरलेला अर्धा अंधाराचा होता. शेडच्या माहितीत बहुतेकदा एलआरव्ही नावाचा आकडा असतो, भिंत किती उजेड परत फेकते ते सांगणारा; ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. घरभर एकच रंग द्यायचा तर मी ६०च्या खाली उतरणार नाही. खिडकी नसलेल्या जागी मात्र बेजचा हट्ट सोडा, तिथे क्रीमकडे झुकणारा पांढरा द्या. एका पॅसेजने घराचा एकसंधपणा बिघडत नाही.

बेचवपणा एका रंगामुळे येत नाही. भिंत, छत, चौकट, पडदे सगळं एकाच पट्टीत आणि एकसारखं गुळगुळीत असलं की येतो. छताला त्याच शेडचं निम्म्या तीव्रतेचं मिश्रण करून घ्या. चौकटींना निळसर पांढरा अजिबात नको, त्याच्या शेजारी बेज मळकट वाटतो; ऑफ-व्हाइट चालेल. बाकी काम खरखरीत कापड, लाकूड आणि एखादी काळी धातूची वस्तू करते. आमच्याकडे फक्त दारांच्या कड्या काळ्या केल्या, तेवढ्याने हॉलला धार आली.

फिनिश: बसायच्या-झोपायच्या खोल्यांना मॅट, म्हणजे बिनचमकीचा, कारण भिंतीचा उंचसखलपणा त्यात लपतो. स्वयंपाकघर आणि बाथरूमजवळ सॅटिन, म्हणजे हलक्या चमकीचा, पुसता येतो.

आणि सगळे डबे वापरण्याआधी एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या. नंबर एकच असला तरी डब्याडब्यात उन्नीस-बीस असतं आणि ते भिंतीच्या बरोबर मध्यावर उघडं पडतं. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून वर शेडचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा. सोफ्याने भिंत ओरखडली तेव्हा मी त्याच बरणीतला रंग ब्रशने लावला. भिंत रोलरने केलेली, त्यामुळे तो ठिपका तिरक्या उजेडात अजून दिसतो. छोटा रोलर वापरा.