तालुक्याला कामाने जाताना

वडिलांकडून घरच्या कागदपत्रांची कामे आता तुझ्याकडे आली आहेत, म्हणून वीस वर्षे तालुक्याच्या खेपा घालणाऱ्या माणसाचे दोन शब्द ऐकून ठेव. बँक, तहसील आणि कृषी केंद्र असा एका दिवसाचा बेत कधीच आखू नकोस. एकच काम ठरवून निघालास, तर दुसरे झाल्यावर उगाच आनंद होतो. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, हे पाहूनच एसटी धर. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, तेवढ्यासाठी रांग लावण्याचे कारण नाही.

एकदा पेरणीच्या तोंडावर एका कार्यालयात तीन तास थांबल्यावर "साहेब दौऱ्यावर गेले" असे कळले, तेव्हा मी कारकुनावर ओरडलो आणि पुढच्या खेपेला त्याने मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. (चूक माझीच, साहेब काही त्याच्या खिशात नव्हते.) आता मी अर्जाची पोच मागतो, तिच्यावरचा शिक्का आणि तारीख तपासतो, आणि ती सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये येत असेल, तर तिची मुदत किती दिवसांची हेही विचारून घेतो. पोच हातात आली, की राग निम्मा उतरतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा डोक्याला दुपट्टा बांध आणि रांगेत लागण्याआधी तर्री-पोहे खाऊन घे. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळही विचारून ठेव. मी ती एकदा चुकवली, तेव्हा स्थानकाच्या बाकावर रात्र काढावी लागली होती.