दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर किती, वेळ किती?

प्रश्न : मुलीकडे जाण्यासाठी आम्ही उभयता दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला विमानाने निघणार आहोत. संगणकावर या दोन विमानतळांमधील अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर दिसते. ताशी ९०० किलोमीटर वेग धरल्यास चौदा तासांच्या आत पोहोचायला हवे. पण तिकिटावरील वेळांशी हा हिशेब जुळत नाही. असे का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : आपला भागाकार बरोबर आहे, पण विमान त्या अंतराला बांधलेले नसते. १२,४०० किलोमीटर ही पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील सर्वांत जवळची वाट होय. ती सायबेरिया ओलांडून ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर चढते आणि अलास्कावरून खाली उतरते, हे भिंतीवरचा सपाट नकाशा पाहून कोणाला खरे वाटणार नाही.

वेळ मुख्यतः वाऱ्यावर ठरते. मध्य अक्षांशांत दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात आणि हिवाळ्यात ते अधिक जोर धरतात. विमानाचा ताशी ९०० हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असल्यामुळे, पाठचा वारा मिळाला की जमिनीवरून मोजलेला वेग वाढतो आणि समोरचा वारा आला की तो घटतो. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये याच मार्गावर अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून विमान नेले, तेव्हा अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झाले, तरीही प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास लवकर संपला. सरासरी काढली तर हा वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर जातो. त्यातला जास्तीचा वाटा वाऱ्याचा.

घड्याळाचा गोंधळ निराळा. सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतेरा आणि उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असते. समजा हिवाळ्यात पहाटे ४ वाजता निघून आपण सोळा तास उडालात, तर तेथे त्याच दिवशी सकाळचे साडेसहा वाजलेले असतील आणि तिकिटावर जणू अडीच तासांचा प्रवास दिसेल. परतताना हाच फरक उलट बाजूने वाढतो. म्हणून दोन वेळांची वजाबाकी न करता तिकिटावर स्वतंत्रपणे छापलेला प्रवासाचा कालावधी पाहावा. त्यात धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याचा वेळही धरलेला असतो.

याशिवाय कोणत्या देशाचे आकाश खुले आहे, यावरही वाट ठरते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर उत्तर अमेरिकेची काही उड्डाणे लांबली आणि काहींना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. तेव्हा तिकीट थेट विमानाचे असले, तरी वाटेत थांबा आहे किंवा कसे, हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे.