वाचकांचे प्रश्न : रीगलमधल्या त्या आरोळ्या

प्रश्न : आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा जुन्या रेकॉर्डी ऐकायला जमतो. मागच्या बैठकीत बी. बी. किंग यांचा ‘लाइव्ह ॲट द रीगल’ ऐकला आणि वाद झाला. एकाच्या मते ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या या गायनप्रकारात, याच्या तोडीचा दुसरा अल्बम नाही. दुसऱ्याला श्रोत्यांच्या किंकाळ्यांमुळे गाणे धड ऐकू आले नाही. रॉक ऐकत वाढलेल्या तिसऱ्याची तक्रार अशी, की गिटारवादक म्हणून नावाजलेल्या माणसाने यात गिटार वाजवली आहेच किती! मला तो फार आवडला, पण का ते सांगता आले नाही. आपले मत काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मी आपल्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही आपल्या दोन्ही मित्रांची तक्रार उडवून लावण्यासारखी नाही, कारण त्यांना जे खटकले ते रेकॉर्डवर खरोखरच आहे.

आधी किंकाळ्यांचे पाहू. हे ध्वनिमुद्रण 21 नोव्हेंबर 1964 रोजी शिकागोच्या साउथ साइडमधल्या रीगल थिएटरात झाले. रीगल हे तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीचे हक्काचे नाट्यगृह होते. त्या वस्तीत दक्षिणेकडची राज्ये सोडून कामधंद्यासाठी उत्तरेला आलेली असंख्य कुटुंबे राहत होती, आणि 1925 साली मिसिसिपीत जन्मलेले, कापसाच्या शेतात राबलेले किंग त्यांच्याच मातीतले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात गोऱ्या तरुणांनी उभे राहून त्यांचे स्वागत केले ते 1967 साली. इथे ते आपल्या माणसांपुढे गात आहेत. पहिले गाणे संपल्यावर ते काय म्हणतात, ते आपल्या मित्रांना मुद्दाम ऐकवा. आता आपण मागे जाऊन जुने ब्लूज घेऊ, त्यातले एखादे तुमच्या ओळखीचे निघाले तर आवाज करून आम्हाला कळवा, असे ते श्रोत्यांना सांगतात. म्हणजे ज्या गलबल्याने आपल्या मित्राचा रसभंग झाला, त्याचे आमंत्रण खुद्द गायकाने दिलेले आहे, आणि पुढची तीन गाणी एकमेकांत गुंफत तो श्रोत्यांना हळूहळू वर चढवत नेतो.

त्या गुंफणीचे टोक म्हणजे ‘हाउ ब्लू कॅन यू गेट’. तिथे साथीची वाद्ये एक ठोका देऊन गप्प होतात आणि त्या रिकाम्या जागेत गाणारा नवरा आपण बायकोसाठी काय काय केले याचा पाढा वाचतो : नवी गाडी दिली तर तिला त्याहून भारी गाडी हवी झाली, महागडे जेवण घातले तर तिने त्याला फराळ म्हटले. प्रत्येक ओळीसरशी सभागृह थोडे थोडे तापते. शेवटी सात मुले दिली आणि आता ती परत करायला निघाली आहेस, ही ओळ तो सारा गळा मोकळा सोडून फेकतो, आणि त्या क्षणी जो कल्लोळ उठतो त्यात बायकांचे आवाज स्पष्ट वेगळे ऐकू येतात. आपल्याकडे जमलेल्या मैफलीत समेवर दाद येते, तशीच ही दाद आहे. ती वजा केली तर गायकाने पुढची ओळ नेमकी तेवढी लांबवून का धरली, हेही उमगणार नाही.

गिटारचा आक्षेप थोडा निराळा आहे. किंग गाताना वाजवत नाहीत आणि वाजवताना गात नाहीत. गळा थांबला की ‘ल्युसिल’, म्हणजे त्यांची गिटार, बोलते, असा दोघांचा सवाल-जवाब चालतो. त्यामुळे लांबलचक एकल वादनाची सवय असलेल्या कानाला गिटार कमी वाटणे साहजिक आहे. शिवाय वर सांगितलेल्या गाण्याआधी ते स्वतःच सांगतात, की माझ्या गाण्याकडे किंवा वाद्यवृंदाकडे फारसे नको, शब्दांकडे लक्ष द्या. आपल्या मित्राला मात्र दुसऱ्या बाजूचे ‘वरी, वरी’ आधी लावून द्या. त्याच्या सुरुवातीला बराच वेळ गिटार एकटीच पुढे आहे. तार ताणून स्वर वर नेणे, तिथे त्याला बोटाने हलके कंपन देणे आणि मग काही न वाजवता थांबणे, हे सारे तिथे जवळून ऐकता येते. त्यांचे थांबणे मला त्यांच्या वाजवण्याइतकेच मोलाचे वाटते.

पहिल्या मित्राशीही मी पूर्ण सहमत नाही. जेमतेम 35 मिनिटांच्या या रेकॉर्डवरची काही गाणी रंगू लागताच आटोपतात, आणि ‘हेल्प द पुअर’ हे तेव्हाचे नवे गाणे शेवटी येते ते आधीच्या जुन्या ब्लूजच्या ओघात मला बसत नाही. किंग यांनीही आत्मचरित्रात आपण याहून सरस अशा शेकडो मैफली केल्याचे म्हटले आहे. ते खरेच असेल. पण त्या शेकडो मैफली ज्यांनी ऐकल्या त्यांच्यापाशीच राहिल्या, आपल्या हाती ही आली. 2005 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत तिचा समावेश झाला, तरी तेवढ्यावरून कोणाला ती आवडलीच पाहिजे असे होत नाही.

प्रश्न : याच्यानंतर किंग यांचे आणखी कोणते थेट ध्वनिमुद्रण ऐकावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ‘ब्लूज इज किंग’, 1967. हे शिकागोच्याच एका क्लबातले आहे. साथीला ऑर्गन आहे, जागा लहान आहे आणि गिटार अगदी कानाशी आहे. त्यानंतर 10 सप्टेंबर 1970 रोजी तुरुंगात ध्वनिमुद्रित झालेला ‘लाइव्ह इन कुक काउंटी जेल’ घ्यावा. त्याच्या आरंभी शेरीफ आणि न्यायाधीश यांची नावे पुकारली जातात तेव्हा कैदी त्यांची जी हुर्यो उडवतात, ती सोडून थेट गाण्यावर जाऊ नका. किंग त्याच माणसांपुढे उभे राहून पहिला स्वर लावतात.