तळहातांवरचं तेल

प्रिय मुला,

प्रभूची शांती.

गुरुदीक्षेचा, म्हणजे धर्मगुरू होण्याचा, विचार मनातून जात नाही, पण त्या दीक्षेत तळहातांना लावतात त्या तेलासाठी आपले हात पुढे करायची आपली लायकी नाही, असं तू लिहिलं आहेस. हा प्रश्न प्रामाणिक आहे. तरी त्यात फार दिवस अडकून राहू नकोस, कारण त्याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे. लायक कोणीच नसतो. 391 साली उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराच्या लोकांनी ऑगस्टीनला धरून बिशपांपुढे उभं केलं आणि त्याला धर्मगुरू करायला लावलं, तेव्हा तो रडला. नंतर त्याने बिशपांना पत्र लिहून पवित्र शास्त्राच्या अभ्यासासाठी थोडा अवधी मागून घेतला. त्याच्या तीसेक वर्षं आधी नाझियान्झसच्या ग्रेगरीला त्याच्या बिशप असलेल्या वडिलांनीच दीक्षा दिली, आणि तो चक्क पळून गेला. 362 च्या ईस्टरपर्यंत परत आला आणि आपण का पळालो हे त्याने लोकांपुढे सविस्तर मांडलं. दोघेही आज संत आहेत. भीती वाटते म्हणून बोलावणं खोटं आहे, असं धरून चालू नकोस.

आणखी एक गोष्ट तुझ्या पत्रातून निसटली आहे. अभ्यंग, म्हणजे पवित्र तेल लावून घेणं, तुला नवा नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी तुझ्या टाळूला क्रिझम हे बिशपांनी पवित्र केलेलं सुगंधी तेल लागलं, ख्रिस्ताच्या याजक, संदेष्टा आणि राजा या तिन्ही कार्यांत तुला वाटा मिळाला. बाप्तिस्म्याची कृपा पक्की करणाऱ्या दृढीकरणाच्या संस्कारात तेच तेल बिशपांनी तुझ्या कपाळावर लावलं. तुझ्या आईलाही ते लागलेलं आहे, तुझ्या बहिणीलाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये स्पष्ट केलं की सर्व बाप्तिस्मा घेतलेल्यांचं याजकपण आणि दीक्षित धर्मगुरूंचं याजकपण केवळ कमी-जास्त प्रमाणाने वेगळं नाही, ते स्वरूपानेच वेगळं आहे, आणि तरीही दोन्ही एकमेकांसाठी आहेत. हे नीट समजून घे. धर्मगुरू म्हणजे जास्त पवित्र ख्रिस्ती नव्हे. इतरांना आपलं याजकपण जगता यावं म्हणून त्यांच्या सेवेला लावलेला तो माणूस आहे. त्यांना देवाचं वचन ऐकवणं, क्षमा देणं, ख्रिस्तशरीर म्हणजे पवित्र केलेली भाकर देणं हे त्याचं काम. ही गोष्ट विसरलेला धर्मगुरू लोकांवर हुकूम चालवू लागतो, आणि मला वाटतं, धर्मग्रामाचं, म्हणजे आपल्या चर्चच्या स्थानिक मंडळीचं, त्याच्याइतकं नुकसान दुसरं कोणी करत नाही.

आता दीक्षेचा विधी. उमेदवार जमिनीवर पालथा पडतो आणि सारी मंडळी संतांची लितानी, म्हणजे एकेका संताचं नाव घेऊन केलेली विनवणी, म्हणत त्याच्यासाठी प्रार्थना करते. मग बिशप एक शब्दही न बोलता त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. त्यांच्यामागून हजर असलेले सगळे धर्मगुरू एकेक करून हात ठेवतात. त्यानंतर दीक्षेची प्रार्थना होते. माणूस धर्मगुरू होतो तो या हस्तस्पर्शाने आणि प्रार्थनेने, हे पोप पायस बारावे यांनी 1947 मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलं. तेल त्याच्या नंतर येतं. म्हणजे जे घडून गेलं आहे ते तेल दाखवतं. मग ते तळहातांनाच का? कारण याच हातांनी तो भाकर आणि प्याला उचलणार, मुलांना बाप्तिस्मा देणार, पापांची क्षमा देताना क्रुसाची खूण करणार. बिशपपदाच्या दीक्षेत तेल डोक्यावर ओततात. धर्मगुरूला मात्र काम करायच्या जागीच ते लागतं. तू तुझ्या हातांच्या लायकीबद्दल लिहिलंस म्हणून हे इतकं लांबवलं. ते हात तुझे राहणार नाहीत, हा त्या तेलाचा अर्थ आहे.

बायबलच्या स्तोत्रसंहितेत इस्राएलचा पहिला प्रमुख याजक अहरोन याच्या डोक्यावरचं तेल दाढीवरून ओघळत वस्त्राच्या काठापर्यंत येतं. 2013 च्या क्रिझम मिस्सेत, म्हणजे ही तेलं सिद्ध होतात त्या उपासनेत, पोप फ्रान्सिस याच ओळीवर बोलले: आपल्याला सुगंध यावा म्हणून हे तेल नाही, आणि बरणीत साठवून ठेवलं तर ते खवट होतं. काठापर्यंत म्हणजे गरिबांपर्यंत, कैद्यांपर्यंत, आजाऱ्यांपर्यंत.

आजाऱ्यांविषयी थोडं जास्त लिहितो, कारण दीक्षा म्हणजे काय हे मला तिथे सर्वांत जास्त समजलं. संत याकोबाच्या पत्रात सांगितलं आहे की कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी. हा संस्कार धर्मगुरू किंवा बिशपच देऊ शकतात, धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक असलेला डीकनसुद्धा नाही. कपाळाला आणि हातांना तेल लावतात. आजाराने किंवा वार्धक्याने जीव धोक्यात येऊ लागला की तो घ्यावा, मोठ्या शस्त्रक्रियेआधीही घेता येतो, बरा होऊन माणूस पुन्हा गंभीर आजारी पडला तर पुन्हाही. तरीही घरचे लोक शेवटच्या तासापर्यंत फादरांना बोलवत नाहीत. फादर आले म्हणजे सगळं संपलं, असं आजाऱ्याला वाटेल ही त्यांची भीती असते. मग धर्मगुरू पोचतो तेव्हा कधी शुद्ध हरपलेली असते, कधी प्राण गेलेला असतो. मेलेल्याला अभ्यंग देत नाहीत, फक्त त्याच्यासाठी प्रार्थना करतात. लोकांचं हे भय घालवणं, वेळेवर बोलवायला त्यांना शिकवणं, हे मला प्रवचनाइतकंच मोठं काम वाटतं.

आजाऱ्याच्या खोलीत तुझी हुशारी चालत नाही. तो रागावलेला असतो, कधी देवावरही. तुझ्याकडे असतं थोडं तेल, थोडे शब्द, आणि न उठता बसून राहायची तयारी. जुन्या विधीत एक गोष्ट होती: धर्मगुरू स्वतः मरणपंथाला लागला की त्याच्या हातांच्या मागच्या बाजूला तेल लावत, कारण तळव्यांना दीक्षेच्या दिवशीच लागलेलं असे. आयुष्यभर दुसऱ्यांना तेल लावणारा माणूस शेवटी कोणाच्या तरी समोर हात पुढे करतो, हे मला फार योग्य वाटतं.

तुझ्या लायकीच्या शंकेत एक खरा धोकाही आहे, तो सांगतो. संस्काराचं सामर्थ्य धर्मगुरूच्या पावित्र्यावर अवलंबून नाही. पापी धर्मगुरूने दिलेले संस्कार खरे नाहीत असं म्हणणाऱ्या डोनॅटिस्ट पंथीयांशी वाद करताना ऑगस्टीनने हेच ठामपणे सांगितलं: बाप्तिस्मा पेत्राने दिला तरी ख्रिस्तच देतो, ख्रिस्ताला धरून देणाऱ्या यहूदाने दिला तरी ख्रिस्तच देतो. हा लोकांना दिलेला दिलासा आहे, त्यांची कृपा कोणाच्या दुर्गुणामुळे अडू नये म्हणून. धर्मगुरूने स्वतःला सूट म्हणून तो वापरायचा नाही. दीक्षेत बिशप नव्या धर्मगुरूच्या हातात भाकर आणि द्राक्षारस देऊन सांगतात की जे करशील ते समजून घे आणि त्याप्रमाणे जग. ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत बायकामुलं असलेल्या एका कैद्याच्या जागी मरायला मॅक्सिमिलियन कोल्बे पुढे आले, तेव्हा तू कोण असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, मी कॅथलिक धर्मगुरू आहे. 14 ऑगस्ट 1941 रोजी त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारलं. मिस्सेत ख्रिस्ताच्या आत्मार्पणाचे जे शब्द ते रोज उच्चारत होते, ते त्या दिवशी त्यांनी केलं.

सेमिनरीचा, म्हणजे धर्मगुरूंच्या प्रशिक्षणालयाचा, अर्ज आत्ताच भरू नकोस. आधी तुझ्या धर्मग्रामातल्या फादरांना विचार, आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर न्यायला ते जातात तेव्हा बरोबर येऊ का म्हणून. काही महिने सलग जा, कंटाळा येईल तेव्हाही जा. पापनिवेदनासाठी एकाच धर्मगुरूकडे नियमित जा आणि त्याला हे सगळं सांग, मला सांगतोस त्याहून जास्त. आणि पवित्र आठवड्यात कॅथेड्रलमधली क्रिझम मिस्सा चुकवू नकोस. तिथे बिशप तिन्ही तेलं सिद्ध करतात: बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांचं, आजाऱ्यांचं आणि क्रिझम. त्याच मिस्सेत सगळे धर्मगुरू आपली वचनं पुन्हा उच्चारतात, म्हातारेही, थकलेलेही. त्यानंतर बिशप लोकांना धर्मगुरूंसाठी आणि स्वतःसाठी प्रार्थना करायला सांगतात. त्यांच्या चेहऱ्यांकडे नीट बघ. त्यातल्या कोणाचं आयुष्य तुला जगावंसं वाटतं आणि का, ते मला कळव. ब्रह्मचर्याबद्दल विचारलं आहेस, त्याला वेगळं पत्र लागेल, ते पुढच्या आठवड्यात लिहितो.

तुझ्यासाठी रोज मिस्सेत प्रार्थना करतो.

तुझा,
एक वृद्ध धर्मगुरू