‘घरगुती चपला’ नव्हे, सपाता

रत्नागिरीतल्या एका चप्पलविक्रेत्यांनी विचारलं आहे: पावसाळ्याआधी दुकानात घरात घालायच्या मऊ चपलांचा माल भरलाय, पाटीवर काय लिहू? मुलगी म्हणते ‘होम स्लीपर’, भाऊ म्हणतो ‘घरगुती चपला’, आई म्हणते ‘सपाता’. आणि सपाताचं एकवचन काय?

तुमच्या आईचं बरोबर आहे.

‘घरगुती’ आधी निकालात काढतो, कारण हा शब्द हल्ली कुठेही चिकटवलेला दिसतो. कोकणात हमरस्त्याने जा, दर दोन मैलांवर घरगुती जेवण, घरगुती कोकम सरबत, घरगुती मसाले. म्हणजे घरी केलेलं. त्याच रस्त्यावर ‘घरगुती चपला’ वाचणाऱ्याला वाटणार, काकूंनी माजघरात बसून शिवल्यात. घरगुती सिलिंडर म्हणतातच की, असं कोणी म्हणेल. म्हणतात, कारण सिलिंडर घरी कोणी बनवत नाही. चपला बनवू शकतात, तिथे घोटाळा होतो.

‘स्लीपर’चा घोटाळा वेगळा. एसटी स्टँडासमोर एका दुकानावर ‘स्लीपर मिळतील’ आणि शेजारच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडेही ‘स्लीपर मिळतील’ हे मी स्वतः वाचलंय. शिवाय रुळाखालचे स्लीपर आहेतच. देवनागरीत तिन्ही सारखेच दिसतात.

आता सपाता. कुठल्याही गप्पांत कोणीतरी हमखास सांगतं, तळ सपाट म्हणून सपाता. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. सपाट तर वहाणही असते, पायताणही असतं, त्यांना का नाही मिळालं हे नाव? आणि ‘ट’चा ‘त’ झाला कसा? ‘सपाट’ आपल्या तोंडात अजून शाबूत आहे, मग फक्त पायाखाली आल्यावर तो मऊ झाला म्हणायचं?

शब्द पोर्तुगीज आहे. सापातो, म्हणजे जोडा, बूट. शेवटचा ‘ओ’ मराठीत गळला आणि सपात राहिली. कानाला पुरावा हवा असेल तर स्वयंपाकघरात जा. प्रातो म्हणजे ताटली, तिची आपण परात केली. सापातो-सपात, प्रातो-परात: शेवट तोच, मोडणीही तीच. पोर्तुगीजमध्ये दोन्ही पुल्लिंगी, आपल्याकडे दोन्ही स्त्रीलिंगी. ही जोडी पहिल्यांदा लक्षात आली त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला थांबवून ती सांगितली होती. चावी, फीत, घमेलं, पगार, लिलाव हे सगळे त्याच गलबतातले. म्हणजे तुमच्या दुकानाची चावी, बुटाची फीत, पोऱ्याचा पगार, सगळं त्यांच्याकडून आलेलं.

वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, पण शब्द कोणी परत केले नाहीत. रेवदंड्यासमोरच्या कोर्लईत तर पोर्तुगीजमधून घडलेली बोली अजून घराघरांत चालते. सापातो पोर्तुगीजांबरोबर पुढेही गेला. सिंहलीत बूट म्हणजे सपत्तु, इंडोनेशियात सपातु. फ्रेंचांचा साव्हात आणि इटलीतली चाबाता ही याच घरातली भावंडं. चाबाता नावाचा पावही आहे, चपटा, जुन्या सपातेसारखा. आणि जास्वंद! श्रीलंकेत तिला सपत्तु मल म्हणतात, जोड्याचं फूल, कारण पाकळ्या चोळून जोडे चमकवत. आपल्या कुंपणाला जास्वंद आणि दारात सपाता, इतकी जवळ असून आपण त्यांचं नातं लावलं नाही.

मग बुटाची मऊ सपात कशी झाली? माझं मत असं: शेणाने सारवलेल्या घरात जोडा चालत नाही, तो ओटीखालीच राहतो. बाहेरच्या वस्तूला वहाण आणि पायताण हे शब्द होतेच, उपानह् आणि पादत्राणापासून आलेले. नव्या शब्दाला जागा उरली ती घरातल्या मऊ वस्तूची. चालताना होणाऱ्या सपसप आवाजाने ती पक्की केली.

परके शब्द हाकला म्हणणाऱ्यांशी माझं इथेच फाटतं. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी तिथूनच चालवली. त्यांचे महापौर, दिग्दर्शक मी रोज वापरतो. पण नवा शब्द घडवणं वेगळं आणि मुरलेला शब्द उपटणं वेगळं, हा भेद त्या चळवळीने पुरेसा केला नाही. सपाता काढून ‘गृहपादुका’ लिहा असं मला एका गृहस्थांनी गंभीरपणे सुचवलंय. पादुका देव्हाऱ्यात असतात. त्या आठ नंबरात मागायच्या?

एकवचन राहिलंच. एक सपात, दोन सपाता. इथे परातीची वाट सोडून शब्द वहाण-वहाणा या वळणाने गेला. विकताना मात्र ‘जोड’ म्हणा: सपातांचा एक जोड, सात नंबर. आणि पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे तळ असलेले जोड फार दिवस साठवू नका. आपल्या दमट हवेत ते खोक्यात पडल्यापडल्या भुगा होतात. पाटी नीट असून मग काय उपयोग?